बारावी प्रवासी

बस स्थानकाच्या चौकशी खिडकीत बसून मी बावीस वर्षं लोकांना वाटेला लावते आहे. कोणती गाडी कुठे जाते, मध्ये कुठे थांबते, शेवटची कितीला, सगळं तोंडपाठ. स्वतः गाडीत बसले की मात्र दुसऱ्या वळणाला मला मळमळायला लागतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. स्थानकात मला सगळे चौकशीबाई म्हणतात. घरीही तेच नाव पडलंय, पण तिथे ते कौतुकाने घेतलं जात नाही.

साथीच्या त्या वर्षी माझं ब्रह्मज्ञानही संपलं. रस्ते आज उघडे तर उद्या बंद. सकाळी खडूने लिहिलेला फलक दुपारी पुसायचा. खिडकीची काच कायम लावलेली, बोलायला खाली पंजाएवढी फट. लोक त्या फटीपाशी वाकून विचारायचे आणि मीही वाकून उत्तर द्यायचे. कंबर दोघांचीही जायची.

नेमकं तेव्हाच माझ्या लेकीला बोलावणं आलं. आठ तासांवरच्या एका मोठ्या इस्पितळात, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेचं प्रशिक्षण. त्यासाठी पोरीने दोन वर्षं मान मोडून अभ्यास केला होता. सोमवारी सकाळी दहाला हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. आणि सोमवारच्या आत पोचवणारी एकच गाडी उरली होती, शनिवारी सकाळी सहाची.

लोक इस्पितळावरून जातानासुद्धा रस्ता बदलत होते, आणि माझी मुलगी आपल्या पायांनी तिथे चालली होती. मी घाबरले. घाबरलेली बाई दुसरं काही नाही तर निदान गप्प तरी बसते. मी तेही केलं नाही. बुधवारी संध्याकाळी चहा पिता पिता जाहीर करून टाकलं, की लांबच्याच काय, सगळ्याच गाड्या बंद झाल्या.

माझा नवरा शिंपी. तोंडात टाचण्या असल्यामुळे तो कमी बोलतो आणि त्यामुळे शहाणा वाटतो. त्याने टाचण्या काढल्या आणि विचारलं, "मग तू उद्या डबा घेऊन कुठे जाणार?"

"गाड्या बंद आहेत हे सांगायलाही कुणीतरी लागतं," मी म्हटलं.

या उत्तरावर मी बेहद्द खूश होते. त्याने टाचण्या परत तोंडात घातल्या. लेक उठून आतल्या खोलीत गेली. मला वाटलं, मात्रा लागू पडली.

गुरुवारी अकराच्या सुमारास खिडकीसमोर रांग होती आणि टेबलावरचा फोन वाजला. शनिवारी सकाळची लांबची गाडी आहे का, असं कुणीतरी विचारलं. एका हाताने फाटलेलं वेळापत्रक चिकटवत मी म्हटलं, "आहे. सहा वाजता, फलाट तीन. पंधरा मिनिटं आधी या." फोन ठेवला आणि हात तसाच फोनवर राहिला. आवाज ओळखीचा होता. ओळखीचा कसला, माझ्याच घरातला होता.

संध्याकाळी घरी गेले ती चपला न वाजवता. लेक पलंगावर बॅग उघडून कपडे भरत होती. चोराच्या उलट्या बोंबा मारायचीही सोय राहिली नव्हती, म्हणून मी दारातच उभी राहिले.

"आई, घरी तू घाबरतेस," ती म्हणाली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. "खिडकीत बसलीस की नाही घाबरत. म्हणून तिथे विचारलं."

मी पुढे होऊन बॅग भरायला मदत केली. चेन लागेना, तेव्हा तिने मी भरलेलं सगळं बाहेर काढलं आणि पुन्हा स्वतः भरलं.

शनिवारी आम्ही दोघी पहाटेच चालत स्थानकावर गेलो. तिच्या बाबांना दमा, म्हणून त्यांना तिने दारातूनच परत पाठवलं होतं. ती गाडीत बसली, मी खिडकीत. आता एक गोष्ट कबूल करते. त्या आठवड्यात नवा नियम आला होता: बारा प्रवासी झाल्याशिवाय लांबची गाडी सोडायची नाही. हा नियम मी घरी सांगितला नव्हता. खोटं बोलायचं मी सोडलं होतं, आशा धरायचं नव्हतं.

सहाला पाच कमी असताना मी गाडीतली डोकी मोजली. अकरा. पुन्हा मोजली, तरी अकराच. सहा वाजून गेले. गाड्या सोडणाऱ्या कंट्रोलरने आणखी पाच मिनिटं वाट पाहिली आणि फटीशी वाकून मला म्हणाला, "बाई, सहाची रद्द म्हणून सांगून टाका."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. खोटं बोलायची गरजच नव्हती, नुसतं खरं सांगायचं होतं, तेही माइकवरून. मी माइक ओढला. समोर गाडीच्या तिसऱ्या खिडकीत लेक दिसत होती. बाराचा नियम तिला कंडक्टरने सांगितला असणार, ती माझ्याकडे बघत नव्हती. फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे ती मान उंच करून बघत होती, आणि तो माणूस दुसऱ्या फलाटाकडे वळला की मान खाली घालत होती. दोन वर्षं पुस्तकात घातलेली ती मान. मला माझी लाज वाटली.

मी माइक बाजूला सारला. "बारावी मी," कंट्रोलरला म्हटलं.

तो म्हणाला, तुमची ड्यूटी आहे. मी म्हटलं, तीन तासांची रजा लिहा. गाडी सुटताना बारा लागतात, पुढे कुणी कुठे उतरावं याबद्दल नियमात काही नव्हतं. रोज मीच तो वाचून दाखवत होते. शाळेत बारावीला मी एकदा आपटले होते, या वेळी तेवढी सवड नव्हती. पहिल्या थांब्याचं तिकीट काढलं आणि लेकीच्या मागच्या बाकावर जाऊन बसले.

तिने वळून पाहिलं, माझ्या हातातलं तिकीट पाहिलं आणि सगळं समजली. तिच्याशी चार शब्द शहाणपणाचे बोलावेत असं मी ठरवत होते, तोवर दुसरं वळण आलं. पुढचा रस्ता मी तिने दिलेल्या पिशवीत तोंड घालून काढला आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. निरोप द्यायला गेलेल्या आईची ही शोभा.

पहिल्या थांब्यावर मी उतरले. गाडी हलली तशी लेकीने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

"आई, कडेकडेने जा. पोचलीस की फोन कर."

मी मान हलवली. गाडी दिसेनाशी झाल्यावर भरपूर रडून घेतलं, तिथे ओळखीचं कुणी नव्हतं. मग नऊ किलोमीटर चालत परत आले. खिडकीसमोर रांग लागली होती. आधी तिला फोन केला.