सुगतच्या कॅसेटची दुसरी बाजू

तायडे हे नाव वाचलं आणि मी कॅसेटवर भीमगीतं भरून टाकली.

जळगावात रमजानभाईंच्या दुकानात मी तेव्हा हेच काम करायचो. गिऱ्हाइकानं कॅसेट आणून द्यायची, आम्ही तिच्यावर गाणी भरायची. तायडेंची ही कॅसेट लावून पाहिली तर नुसती किर्रकिर्र. म्हटलं, बिचाऱ्याची कॅसेट बिघडली, आपणच चांगलं काही भरून देऊ. जामनेरच्या शाळेत आम्हाला परोपकार शिकवला होता, आधी विचारायला कुणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी पितांबर तायडे आले. टेलिफोन खात्यात लाइन दुरुस्त करायचे, सगळे त्यांना नाना म्हणत. किर्रकिर्रीची जशीच्या तशी नक्कल हवी, असं ते रमजानभाईंना सांगून गेले होते. रमजानभाई मला सांगायचं विसरले. नानांनी उभ्याउभ्या पूर्ण गाणं ऐकलं.

"गाणी चांगली आहेत," म्हणाले, आणि पायरीवरच बसले.

ती किर्रकिर्र त्यांच्या मुलाची होती. सुगतच्या मामानं मस्कतहून रबरी बटणांचा, वहीएवढा कंप्युटर आणला होता. तो टीव्हीला जोडायचा, आणि त्यातलं सगळं कॅसेटवर आवाजाच्या रूपात साठवायचं. सुगतनं त्यावर सापशिडी केली होती. सुगत विरुद्ध पप्पा. अठ्ठ्याण्णववर पप्पांना साप चावायचाच, कितीही खेळा. दहावीत त्याला कावीळ झाली. धुळ्याच्या दवाखान्यात तो नानांना म्हणाला, "खेळ बदललाय मी, पप्पा. आता तुम्हीपण जिंकता. घरी गेल्यावर दाखवतो."

तो घरी आला नाही. पुढे विजेच्या झटक्यानं कंप्युटरही जळाला. उरली कॅसेट, आणि तिची एक बाजू मी पुसलेली.

"दुसरी बाजू आहे ना?" मी घाबरत विचारलं.

"आहे. पण नवा खेळ कोणत्या बाजूला भरला, ते त्यालाच माहीत."

मी सकाळी भाईदाससरांच्या कंप्युटर क्लासला जायचो. दुपारी क्लास रिकामा असे. सरांच्या पाया पडून तिथला मोठा कंप्युटर मिळवला. कॅसेटवरचा आवाज त्यात उतरवून घेणारा प्रोग्रॅम बाजारात कुठं मिळतो हे सरांनाही माहीत नव्हतं, म्हणून नानांनीच तो लिहायला घेतला. माझ्या वह्यांवरून ते पास्कल ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकले. लांब चिरकणं म्हणजे एक, आखूड म्हणजे शून्य, असे आठ मिळून एक अक्षर. नानांच्या घरच्या टेपमधून वायर काढून कंप्युटरच्या मागे जोडली. नाना चुकायचे, मी त्यांची चूक दुरुस्त करून नवी करायचो.

भीमजयंती आली. मिरवणुकीत मी त्यांच्या कॅसेटवर भरलेलंच एक गाणं वाजत होतं. नाना माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

प्रोग्रॅम चालू लागला, पण अक्षरं येत ती तापात बरळल्यासारखी. काही दिवसांनी नानांच्या लक्षात आलं, मागच्या डाळमिलची मोटर सुरू झाली की व्होल्टेज पडतं, टेप हळू फिरते आणि आखूड चिरकणंही लांब होतं. आम्ही इतके दिवस डाळमिलची अक्षरं वाचत होतो. टेप सेलवर चालवायचं ठरलं. मी रमजानभाईंकडे गेलो.

"काय इंजिनियर, आता कंप्युटरला भीमगीतं ऐकवणार?" त्यांनी चार सेल काढून दिले. "नवे आहेत. उधार हां, परत पाहिजेत."

त्या दुपारी लिलाकाकूही आल्या. नानांच्या पत्नी, माहेर साक्रीकडचं. कोपऱ्यात बसून कॅसेटकडे बघत होत्या.

"त्याना आवाज शे का त्यामा?"

"नाही, त्याचा आवाज नाही," नाना म्हणाले. "खेळ आहे नुसता."

टेप किर्रकिर्रली. पडद्यावर चिन्हांच्या गर्दीतून सुगतनं इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी दिसू लागली. सुगत. पप्पा. फासा टाका. अठ्ठ्याण्णव. मग 'पप्पा हरले. परत?' आणि संपलं.

नानांनी टेप मागे घेऊन पुन्हा लावली. तिसऱ्यांदाही. कंप्युटर आता एकही अक्षर चुकत नव्हता. 'पप्पा जिंकले' कुठंच नव्हतं. ते होतं दुसरीकडे, माझ्या गाण्यांच्या खाली.

"जुनाच खेळ आहे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"प्रोग्रॅम मात्र जमला," नाना म्हणाले. फ्लॉपी खिशात घातली आणि वायरी गुंडाळायला लागले. बराच वेळ गुंडाळत होते.

लिलाकाकूंनी टेप उचलून मांडीवर घेतली. मग आम्हाला न विचारता बटण दाबलं, आणि कान जाळीला लावून ती किर्रकिर्र ऐकत बसल्या. घरी निघतानाही टेप त्यांच्या हातातच होती, आतल्या सेलसकट.

जूनमध्ये नानांची साक्रीला बदली झाली. टेप तिकडे रोज चालते, असं त्यांचा भाचा सांगतो.

रमजानभाई अजून विचारतात, "इंजिनियर, माझे चार सेल?"

मी म्हणतो, उद्या.