तुटक रेघांची चौकट

सत्यशीला माझ्या दुकानात कामाला लागली त्याला सहा वर्षं झाली, आणि या सहा वर्षांत तिनं माझं एकही गिऱ्हाईक गोड बोलून सांभाळलेलं नाही. लातुरात माझं वेबसाइट बनवायचं दुकान आहे. मी मोहियोद्दीन, गिऱ्हाइकाला हो म्हणावं आणि काम हातावेगळं करावं अशा मताचा माणूस. ही शिरूर अनंतपाळहून रोज एसटीनं येते. बाप गवंड्याच्या हाताखाली, आणि पोरीचं तोंड असं की तहसीलदारानंही चार पावलं मागं सरकावं. एका मंगल कार्यालयवाल्याला पानावर झगमगत्या लाल-पिवळ्या चौकटी हव्या होत्या. यानं लोकांचे डोळे जातील, असं तिनं त्याला तोंडावर सांगितलं. तो परत आला नाही.

काम मात्र नाव ठेवायला जागा नाही असं. फोटोभोवतीची बॉर्डर केवढी जाड, सलग की तुटक, कोपरे गोल की टोकदार, यावर ती अर्धा दिवस घालवते. मी तिच्यावर चिडतो आणि मग तेच पान नव्या गिऱ्हाइकाला दाखवतो.

गेल्या जूनमध्ये रेवणप्पा सर आले. त्यांचा मोठा क्लास, आणि माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. मेडिकलच्या परीक्षेत चमकलेल्या मुलांचे फोटो त्यांना दुपारी चारच्या आत पानावर हवे होते. त्यात अकरा मुलं क्लासनं फी न घेता शिकवलेली. ज्यानं फी भरली नाही त्याच्या फोटोला नारिंगी तुटक रेघ द्या, बाकीच्यांना काही नको, असं सर म्हणाले. देणगीदारांना कळायला हवं ना.

सर गेल्यावर सत्यशीला भडकली. ती स्वतः अशीच मोफत शिकलेली. तिच्या कॉलेजात मोफतवाल्यांना वेगळ्या रंगाचं ओळखपत्र असायचं आणि तीन वर्षं ते तिनं ओढणीखाली लपवलं. हे मला ठाऊक होतं. तरी मी खेकसलो की सांगितलं तेवढं कर, नाहीतर उद्यापासून येऊ नको. हे गिऱ्हाईक गेलं तर दुकानच बसेल, या भीतीनं मी बोलत होतो.

ती गप कामाला लागली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तीन वाजता सर पाहायला आले. पानावर बारा फोटोंना तुटक रेघ. बारावा हरिओम, सरांचा मुलगा. पहिल्या ओळीत सहा फोटो अगदी मापात बसवलेले होते. रेघेनं चौकटी रुंद झाल्या आणि ओळीतला शेवटचा हरिओम जागा न उरल्यानं खालच्या ओळीत घसरला. त्याला वर धरून ठेवायची सोय तिला दोन मिनिटांत करता आली असती. तिनं केली नव्हती.

"हरिओमला कशाला?" सरांनी विचारलं.

"त्यानं फी भरली का, सर?"

घरच्या पोराची फी कोण घेतं, असं काहीतरी सर पुटपुटले. मग म्हणाले, "त्याची तेवढी काढ."

"निघती की. पण मी एकट्याची काढणार न्हाई," सत्यशीला म्हणाली. "नियम तुमचा हाय. ठिवायचा तर बाराजणांला ठिवा, न्हाई तर कुणालाच नको."

सर माझ्याकडे वळले. "मोहियोद्दीनभाई, पोरीला आवरा. तुम्हीच काढा."

मला ते येत होतं. तिला मीच शिकवलेलं. कोडमध्ये हरिओमच्या फोटोपुढं लिहिलेला ‘मोफत’ हा एक शब्द पुसला की झालं. मी माऊस हातात घेतला, आणि पहिल्याच ओळीत बबिता दिसली. किनवटच्या जंगलातल्या गावची पोरगी, अख्ख्या क्लासात तिसरी आलेली, आणि नारिंगी रेघेत कोंडलेली. सकाळी मी सत्यशीलाला काय काय बोललो ते आठवून मला माझीच लाज वाटली.

मी माऊस खाली ठेवला. "मीबी न्हाई काढणार, सर."

साडेतीन वाजले होते. सरांनी घड्याळाकडे पाहिलं. मग सगळ्यांच्याच काढा म्हणाले, आणि पुढच्या वर्षी आपण दुसरं दुकान बघणार, हेही सांगितलं.

"बघा," सत्यशीला म्हणाली आणि ‘मोफत’ला नारिंगी तुटक रेघ द्यायची, हा नियम सांगणारी कोडमधली एकच ओळ तिनं पुसली. बाराही रेघा एकदम गेल्या. हरिओम वर सरकला आणि बबिताच्या ओळीत जाऊन बसला.