वाळवंट पाहिलेला दफेदार

येसाजीराव दफेदारांनी सिनाईचं वाळवंट पाहिलं होतं, आणि आमच्या गल्लीत ते विसरायची कोणाला मुभा नव्हती. लग्नाच्या पंगतीत चुकून कोणी 'उकडतंय' म्हटलं की संपलं, पान उचलेपर्यंत भातावर वाळू पडत राहायची. पणजोबांपासून घराण्यात घोडदळाची चाकरी. म्हैसूरच्या घोडदळातूनच ते मोठ्या लढाईला सुएझपलीकडे गेले. परतले तेव्हा काडतुसांच्या पट्ट्यात काडतुसं नव्हती, बी होतं. शीह नावाच्या झुडपाचं. तिकडे उंट ते चघळतात, आणि वास थेट आपल्या दवण्याचा.

त्याच सुमारास गावातल्या एका सरदाराला हुक्की आली की आपल्या बागेत जगातली वाळवंटं असावीत. काचघर उभं राहिलं. अमेरिकेहून माणसाहून उंच खांबनिवडुंग आले, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाहून गोट्यांसारखी दिसणारी झाडं आली. बागेचे कारभारी नरसिंहमूर्ती पुस्तकी गृहस्थ, मातीत हात घालणार नाहीत. मग वाळवंट पाहिलेला माणूस म्हणून दफेदारांना बोलावणं गेलं. सरदारांनी सांगितलं, सध्या कच्ची नोकरी; पुढच्याच्या पुढच्या दसऱ्याला पाहुण्यांना वाळवंट दाखवायचं, ते उभं दिसलं तर बागेच्या मुख्य माळ्याची, म्हणजे मेस्त्रीची, कायमची जागा आणि बागेलगतचं घर. दफेदारांनी त्याच संध्याकाळी गल्लीत नव्या घराच्या ओसरीची लांबीरुंदीसुद्धा सांगून टाकली.

गोट्यांशेजारच्या वाफ्यात त्यांनी आपलं शीह पेरलं आणि नियम बांधला. सिनाईत जो काही पाऊस पडतो तो थंडीत. थंडीतच वाळू हिरवी होते, उन्हाळ्यात झुडपं पानं टाकून निपचित पडतात. म्हणून होळी ते दिवाळी काचघरात थेंब पडू द्यायचा नाही, पाणी दिवाळीनंतर. देण्याची रीतही पागेतली. पागेत तुतारी वाजल्याशिवाय घोडं हौदाला तोंड लावत नाही, आणि वाजली की सगळी एकदम पितात. इथे तुतारीच्या जागी शिट्टी आली, घोड्यांच्या जागी कुंड्या.

आषाढात एकदा त्यांची बायको भागीरथीबाई डबा घेऊन गेली. काचेबाहेर पाऊस कोसळत होता आणि आत खांब सुकून त्यांच्या निऱ्या पडल्या होत्या. ती थबकली.

"अहो, आपल्या कुंपणावरची पापसकळ्ळी, तो फड्या निवडुंग, बघितलात का? पावसात टरारून फुगते आणि थंडीत सुरकुतते. हे खांब तिच्याच कुळातले दिसतात. ह्यांना तहान आत्ता लागलीय."

"सुम्ने, गप बस गं," दफेदार म्हणाले. "वाळवंट मी पाहिलंय की तू?"

हे वाक्य दिवेलागणीच्या आत गल्लीभर झालं. भिंती काचेच्या असल्या की असं होतं.

दिवाळीनंतर शिट्टी वाजली. शीह पानापानांनी भरलं, काचघरभर दवणा दरवळला. गोट्यांच्या फटींतून पिवळी फुलं वर आली. आणि समोरच्या बाजूला खांब बुडातून काळे पडू लागले. पौषात पहिला काचेला टेकला आणि आंबलेल्या नाचणीच्या अंबलीसारखा घमघमत फुटला. महिन्याभरात एकही उभा राहिला नाही.

मग नरसिंहमूर्तींनी कपाटातून झाडं विकणाऱ्या कंपनीचं पुस्तक काढलं आणि वाचून दाखवलं. ह्या खांबांच्या मुलखात भर उन्हाळ्यात गडगडाटासह सरी येतात. त्यांची मुळं जमिनीलगत पसरलेली, ती घाईघाईने पाणी ओढतात, निऱ्या उलगडतात आणि खांब फुगतो. थंडी ही त्यांची झोप. त्या वेळी पाणी साचलं तर मुळं कुजतात. आफ्रिकेच्या त्या टोकाला मात्र सिनाईसारखं थंडीतच ओल येते.

"हे पुस्तक कधीचं?" दफेदारांनी विचारलं.

"झाडांबरोबरच आलं."

"आणि कपाटात ठेवलंत?"

"तुम्ही वाळवंट पाहिलेले, दफेदार. तुम्ही विचारलं नाहीत."

उरलेल्या अर्ध्या काचघरावर दफेदारांनी जीव लावला. कुठे केसाएवढीही गळती नको म्हणून गुडघा दुखत असताना शिडीवर चढून सांधे लिंपले. झाडं शहाण्यासारखी झोपली. पण दसरा आश्विनात येतो, आणि आश्विनात त्यांची झोप संपलेली नसते. आठ दिवस आधी सरदार पाहणीला आले तेव्हा शीह म्हणजे राखी काटक्यांच्या पेंढ्या, आणि गोटे कागदी सालीत गुरफटलेले. पावसाळाभर पाणी प्यायलेले खांब असते तर ते त्या दिवशी डौलात उभे असते. ते नव्हते.

दफेदारांनी नखाने एक काटकी खरवडली. आत हिरवं होतं. ती सरदारांपुढे धरून म्हणाले, "धनी, वास घ्या. मेलेलं नाही, झोपलंय. मार्गशीर्षात पाहा."

सरदार म्हणाले, "पाहुणे मार्गशीर्षात येणार नाहीत." आणि सगळं उपटायला सांगून निघून गेले. वाळूवर दुसऱ्या दिवशी गुलाबाच्या कुंड्या मांडल्या गेल्या. पाहुण्यांना वाळवंट फार आवडलं म्हणे.

उपटायचं काम दफेदारांनी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. भागीरथीबाईंच्या बाजाराच्या टोपल्यांत झुडपं घालून घरी आणली. नोकरीही त्याच दिवशी संपली. पण घरी काच कुठली? अंगणात पाऊस थांबेना, स्वयंपाकघरात ऊन नाही. दिवसभरात दहादा टोपल्या आतबाहेर व्हायच्या आणि गल्ली दारातून मोजायची. दिवाळीपर्यंत झुडपं नुसत्या स्पर्शाने मुळापासून सुटून हातात येऊ लागली.

"बी उरलंय का थोडं?" भागीरथीबाईंनी विचारलं.

दफेदारांनी टोपलीतलं सुटलेलं एक झुडूप उचललं. तिकडची झुडपं सगळं बी एका पावसात उगवू देत नाहीत, थोडं पुढच्या सालासाठी वाळूत तसंच पडू देतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"नाही," ते म्हणाले. "पहिल्याच वर्षी सगळं पेरलं."

तिने टोपल्यांतली झुडपं काढून टाकली. टोपल्या मागच्या दारी नेल्या, धुतल्या, आणि उन्हात पालथ्या घातल्या. उद्या बाजाराचा दिवस होता.