हो किंवा नाही

आमच्या कारखान्याच्या खरेदी विभागात नवं सॉफ्टवेअर आलं. पुरवठादारांना विचारायचे सगळे प्रश्न त्यात एकदम चढवता यावेत म्हणून मी ते एक्सेलमध्ये मांडत होते. एका ओळीत एक प्रश्न, शेजारी उत्तराचा प्रकार. मी सरसकट 'हो किंवा नाही' निवडत चालले होते. 'स्वतःचं वाहन आहे का?' या ओळीपाशी माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मेधाताईंनी मला थांबवलं.

"खोके पुरवणाऱ्या शकुंतलाबाई इथे काय लिहितील? टेम्पो त्यांच्या दिराचा आहे. 'नाही' म्हटलं की सॉफ्टवेअर त्यांना बाद करणार."

मी त्या ओळीकडे बघत राहिले. आपण माणसांनाही असंच विचारतो, बरी आहेस ना, जमतंय ना. समोरच्याला मान हलवण्यापुरतीच जागा ठेवतो आणि वर तो काही बोलतच नाही अशी तक्रार करतो. मी त्या प्रश्नापुढे हवं ते लिहायची मोकळीक ठेवली आणि तक्ता चढवला.

आठवड्याने शकुंतलाबाईंचं उत्तर आलं. "गाडी दिराची आहे. आमचं पटत नाही, पण माल त्याने कधी अडवला नाही."

मेधाताईंनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "यांना यादीत राहू दे."