तिसऱ्या मजल्यावरची बायको

ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलजवळच्या एका पोलीस ठाण्यात मी तेव्हा डिटेक्टिव्ह होतो. एका सकाळी मूळच्या नागपूरच्या एक बाई मुलीला घेऊन काउंटरवर आल्या. लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं आणि होणाऱ्या जावयावर त्यांना गुन्हा नोंदवायचा होता. खासगी गुप्तहेराचा अहवाल त्यांनी माझ्यासमोर आपटला. मुलाने मिशिगनमधल्या ॲन आर्बरला शिकताना लग्न केलं, बायको अजून तिथे एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते, असं त्यात लिहिलं होतं.

मुलीचे डोळे रडून सुजले होते. "आई, तो असा नाहीये. एकदा व्हेरिफाय तर कर, प्लीज!"

मी विचारलं, "ताई, या गुप्तहेराचं लायसन्स चेक केलंत?"

"अहो, आपलाच माणूस! महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झाली. घरी दोनदा जेवून गेला. त्याच्याकडे लायसन्स मागणं बरं दिसतं का?"

मला हसावं की रागवावं कळेना. मुलाच्या सात पिढ्या खणायच्या, आणि खणणारा कोण ते विचारायचं नाही! राज्याच्या परवाना मंडळाच्या वेबसाइटवर दोन मिनिटांत उलगडा झाला. गुप्तहेराचं नाव यादीत नव्हतंच आणि कार्डावरचा नंबर भलत्याच कुणाचा होता. लग्ननोंदणीच्या दप्तरातही मुलाचं नाव कुठे सापडलं नाही. ॲन आर्बरच्या पोलिसांकडून मी त्या पत्त्याचा फोटो मागवला.

मग त्या गुप्तहेर गृहस्थांना चौकशीला बोलावलं. त्यांचे हक्क वाचून दाखवले, कॉफी दिली. खोटं बोलणाऱ्याला मी कधी अडवत नाही. तीन दिवस गाडीत बसून पाळत ठेवली, तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत बाई रोज दिसायची, असं त्यांनी रंगवून सांगितलं. मी फोटो पुढे सरकवला. तळमजला आणि वर एकच मजला.

"सर, मी तिथे गेलोच नाही," ते पुटपुटले.

"मग बायको कुठून आणलीत?"

"ऑनलाइन सर्च केलं, काहीच मिळालं नाही. तसं लिहिलं असतं तर काकू म्हणाल्या असत्या, यानं कामच केलं नाही!"

त्यांच्यावर विनापरवाना तपासाचा गुन्हा दाखल झाला आणि लग्न ठरल्या दिवशीच वाजतगाजत लागलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढा आनंद मला क्वचितच झाला. परवाना मागणं म्हणजे अविश्वास नव्हे, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो. खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही.

लग्नाच्या हॉलच्या दारात त्याच बाई उभ्या होत्या. मला पाहताच हात पुढे केला. "साहेब, आधी बॅज दाखवा!"

मी दाखवला. त्यांनी चष्मा लावून नंबर नीट वाचला आणि मगच मला आत सोडलं.