वहिनीला आणून दिलेल्या गोळ्या

कारंज्याच्या स्टँडवर नागपूरची एसटी लागली, तेव्हा वहिनीला दुसरा महिना होता आणि ते घरात फक्त मला नि तिलाच ठाऊक होतं. लग्न होऊन मी अमेरिकेला निघाले होते. त्याआधी वर्ध्याला औषधांच्या दुकानात कामाला होते. वहिनीची पाळी चुकली, तेव्हा मीच तिला हार्मोनच्या दोन गोळ्या आणून दिल्या. तेव्हा तशी पद्धतच होती: गोळ्या घ्यायच्या, पाळी आली तर काही नाही, नाही आली तर गोड बातमी. केवढी ऐट होती मला त्या ज्ञानाची! आई रडत म्हणत होती, "सांभाळून राह्यजो वं पोरी." मी कसली ऐकते! मी वहिनीकडे बघून हसत होते.

मी इकडे आले आणि वहिनीला मुलगी झाली, चिमी. दोन वर्षांची असताना तिच्या पोटात गाठ निघाली. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, लहान मुलांना होणारा मज्जातंतूंचा कर्करोग. चार महिन्यांत पोर गेली. आईनं पत्रात लिहिलं, "तुह्या वहिनीनं ग्रहणात वांगे चिरले होते. सांगू सांगू थकली मी." माझं डोकंच फिरलं. अडाणीपणा नुसता, असं म्हणून पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं.

आणि नोकरी कसली मिळाली बघा. इथल्या इस्पितळातल्या एका संशोधनासाठी बायकांना प्रश्न विचारून फॉर्म भरायचे. काहींची मुलं ह्याच कर्करोगाची, काहींची धडधाकट. पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न वाचताना जीभ अडली: गरोदरपणाच्या सुरुवातीला हार्मोनच्या गोळ्या घेतल्या होत्या का?

तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. संशोधनातल्या डॉक्टरांना विचारून विचारून भंडावलं. आजारी मुलांच्या आयांमध्ये "हो" जरा जास्त येतात, पण तेवढ्यावरून गोळीला दोष देता येत नाही, म्हणाले. नुसत्या संशयावर माणसानं जगायचं कसं हो? लाँड्रीत, सुपरमार्केटच्या लाइनीत, एकच घोर. कळवलं तर माहेर तुटणार. नाही कळवलं तर वहिनी जन्मभर त्या वांग्यांची शिक्षा भोगणार.

चौऱ्याऐंशीत घरी गेले. वहिनी विळीवर बसायला गेली की आई म्हणे, "तू राहू दे." तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. दोघींसमोर सगळं सांगून टाकलं. गोळ्या मी आणल्या, त्यांच्यावर संशय आहे, खात्री कोणालाच नाही. आणि वांगी चिरल्यानं कर्करोग होत नाही.

"तूच का वं?" एवढंच बोलून आई उठून गेली.

वहिनी म्हणाली, "गोळीनं गेली का कशानं गेली, पोरगी तं गेलीच. पण इतके वर्सं मले वाटे, म्याच मारली तिले. आधी काऊन नाई सांगतलं वं?"

भीत होते, एवढंच खरं.

आईचं पत्र तेव्हापासून नाही. वहिनीचं येतं. चिमी कशी चालायची, कशावरून रुसायची, सगळं लिहिते. इतकी वर्षं घरात पोरीचं नाव काढायचीही तिला चोरी होती. मी तर चिमीला कधी पाहिलंच नाही. माझं माहेर म्हणाल तर आता ही पत्रंच आहेत, आणि तीही मला बसून वाचवत नाहीत. अपराध्यासारखी उभ्यानंच वाचते.