मठाच्या पुस्तकातला पडलेला फर्मा

आमच्या ह्यांना जगात एकच गोष्ट सहन होत नसे, ती म्हणजे बंद दार. दार लावलेलं दिसलं की आत काहीतरी काळंबेरं आहे, अशी त्यांची पक्की समजूत. घरातलं फडताळसुद्धा दिवसातून दोनदा उघडून बघत. तिथे लोणच्याच्या बरणीशिवाय कधी काही सापडलं नाही, तरी बघतच राहिले.

जळगावात आमचं साप्ताहिक होतं. पुढच्या खोलीत छापखाना, मागे स्वयंपाकघर, मधे एक पडदा. साप्ताहिकावर घर जेमतेम चाले. ह्यांचं नाव झालं ते पुस्तकांमुळे. पहिलं पुस्तक धुळ्यातल्या एका मंडळावर होतं. गोरे साहेब आणि बडे वकील तिथे जमत, खिडक्या लावून घेत आणि आतलं बाहेर सांगायचं नाही अशी शपथ घेत. गावात बोलवा होती की आत कवटी पुजतात. हे पंख्याची दोरी ओढणारा बनून आत जाऊन बसले. बघतात तर काय, मखमली पट्टे गळ्यात घालून म्हातारे मागच्या सभेचं टिपण वाचत होते, आणि ते संपल्यावर कटलेट खात होते. एवढ्याशा ऐवजावर ह्यांनी शंभर पानं लिहिली! कवटी नव्हती, तर 'कवटी कुठे लपवली असावी' यावर एक अख्खं प्रकरण. लोकांनी ते आवडीने वाचलं.

मग ह्यांच्या डोक्यात मठ शिरला. कुठला ते सांगत नाही. खानदेशात मठ पुष्कळ आहेत, ज्याला टोचेल त्याने आपला समजावा. तिथले महंत मोठे ब्रह्मचारी. गुरुवारी मौन धरत आणि उरलेले सहा दिवस त्याची भरपाई करत. मठाला तीन दरवाजे होते. तिसऱ्याच्या आत बाहेरचा माणूस जायचा नाही, आणि जो गेला तो तोंड उघडायचा नाही. ह्यांना एवढं पुरे होतं.

दाढी वाढवली, भगवी छाटी नेसली आणि काशीचे बैरागी म्हणून हे मठात दाखल झाले. चार दिवस हिंदीत बोलले. पाचव्या दिवशी मठाच्या मळ्यात भरताचा बेत होता. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजली, सोलली आणि लाकडाच्या बडगीत ठेचायला घेतली. ठेचणाऱ्याने कांद्याची पात घातली नाही आणि मिरच्या कच्च्याच टाकल्या. काशीचे बैरागी ताडकन उठले. "अरे, पात कोठे शे? आन मिरच्या तेलमा तळ ना, गाढवा!" बस. महंतांनी त्यांना शांतपणे पोटभर जेवू घातलं आणि मग हाकलून दिलं. घरी येऊन हे मला म्हणाले, "भरीत चांगलं झालं होतं मात्र, माझ्यामुळे." मी कपाळावर हात मारला.

पुस्तक तिथेच संपायचं. ते लिहून झालं ते अक्कामुळे.

अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा अक्कानेच ह्यांना कडेवर घेऊन वाढवलं. नरडाण्याच्या बाजूला दिली होती. विशीतच कपाळ पांढरं झालं. मग सासरहून निरोप आला की सासूबरोबर काशीला गेली आहे, तिकडेच राहील काही दिवस. ते काही दिवस म्हणजे दोन वर्षं. एक दिवस बोचकं घेऊन ती आमच्या दारात उभी राहिली. ह्यांनी विचारलं, "अक्का, काशी कशी होती?" ती म्हणाली, "गर्दी व्हती." झाली ह्यांची चौकशी! साहेबांच्या मखमली पट्ट्यांचा रंग लिहून घेणारा माणूस तो.

अक्का फारसं बोलत नसे. छापून आलेल्या कागदांच्या घड्या ती घाली, आणि तिच्या घडीसारखी घडी साऱ्या जळगावात कुणाची नव्हती. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघी वाळवणाचे बिबडे करायला बसलो होतो. ज्वारीचं शिजलेलं पीठ ओल्या धोतरावर थापायचं, ऊन चढायच्या आत उरकायचं. त्या कामाला पुरुष फिरकत नाहीत. थापता थापता, मान वर न करता, ती म्हणाली की काशी-बिशी काही नाही. सासूने गाडीत बसवून तिला मठात नेऊन सोडलं होतं, तिसऱ्या दरवाजाच्या आत, स्वयंपाकाला. विधवा सुनेला पोसायचा भार सासरच्यांना नको होता.

मग सात-आठ दिवस रोज बिबडे आणि रोज मठ. मौनाच्या दिवशी महंत कुठल्या खोलीत जाऊन गप्पा मारतात, उपासाचं ताट किती पदार्थांचं असतं, समाधीतून हुंकार येतो तो कुठला चेला काढतो. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. आणि एक दिवस तिने ते सांगितलं, जे हसण्याजोगं नव्हतं. महंताने तिला सोडलं नव्हतं. मूल झालं, ते जगलं नाही. बाळंतपणानंतर पंधराव्या दिवशी ती पळाली. मी हातातलं पीठ तसंच धरून बसले. अक्का म्हणाली, "भाऊले बठ्ठं सांगजो, पन हाई नको. त्याले समजनं तं मी घर सोडीसन निंघी जासू." आणि ती गेली असती. तिला जायला विहिरीखेरीज दुसरी जागा नव्हती, हे मला दिसत होतं.

बाकीचं मी ह्यांना सांगत गेले. कुणाकडून कळलं म्हणून विचारलं की म्हणायचं, "बायका बोलतात." हे पुस्तकात लिहायचे, 'आमच्या अत्यंत विश्वासू गुप्त बातमीदाराकडून'. बातमीदार पडद्यामागे भाकऱ्या थापत होता.

आणि मग मी माती खाल्ली. एका दुपारी हे मला लिहिलेलं वाचून दाखवत होते. निःपक्षपाती दिसावं म्हणून त्यांनी एक वाक्य घातलं होतं, की स्त्रियांच्या बाबतीत मात्र मठ निष्कलंक आहे, हे मान्य करावेच लागेल. माझ्या अंगाचा भडका उडाला. "निष्कलंक? कुणाला विचारून लिहिलंत?" असं म्हणून मी भडाभडा बोलून गेले. विधवा, सासू, गाडी, काशीचं खोटं, मूल. नाव तेवढं घेतलं नाही. ह्यांचे डोळे चमकले. "कुठली बाई?" मी म्हटलं, "नरडाण्याकडची असेल कुणीतरी." जीभ चावली तोवर त्यांनी दौतीत टाक बुडवला होता.

तुम्ही म्हणाल, त्यांच्या लक्षात कसं आलं नाही? मलाही तेच कोडं पडलं होतं. पण खरं सांगते, आपल्या घरात असं काही असू शकतं हे त्यांच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. त्यांनी चटपटीत लिहिलं, चांगली चार पानं. नरडाण्याची बाजू, सासूची बैलगाडी, काशीचा बहाणा, सगळं. वर शेरा, की असल्या बायकाही काही कमी नसतात. ते वाचून मला ह्यांची शिसारी आली. नवऱ्याबद्दल असं लिहू नये म्हणतात. आली, म्हणून लिहिते. 'ती पानं काढा' म्हणून मी हातापाया पडले. "पुरावा आहे हा, काढायचा कसा?" म्हणाले. कारण विचारलं असतं तर काय सांगितलं असतं कुणास ठाऊक. ते कारण विचारायलाही थांबले नाहीत.

आमच्याकडे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, मोजकेच. चार पानांचा एक फर्मा जुळवायचा, छापायचा, खिळे सोडवून परत खणांत टाकायचे आणि मग पुढची चार पानं. छापायच्या आधी आमचे जुळारी आबा प्रूफ मोठ्याने वाचत आणि हे हस्तलिखितावरून ताडून बघत. आबांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्यांचा आवाज थेट परसात पोचायचा. त्या दिवशी सकाळी अक्का पडद्याच्या अलीकडे घड्या घालत बसली होती. आबांनी फर्मा दगडावर मांडला, वरून शाई फिरवली, कागद दाबून उचलला, चष्मा पुसला आणि घसा खाकरला. "प्रकरण सातवे. मठातली स्वयंपाकीण."

अक्काचा हात कागदावर थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, ती फक्त कोपऱ्यातल्या आपल्या बोचक्याकडे बघायला लागली.

मी पडदा सारून बाहेर गेले. आबांच्या हातातला कागद ओढून घेतला आणि टराटरा फाडला. मग तो फर्मा, चौकटीत नीट कसलेलाही नव्हता अजून, दोन्ही हातांनी दगडावरून ढकलून दिला. चार पानं धाडकन फरशीवर. खिळे यंत्राखाली गेले, उंबऱ्यात गेले, आबांच्या वहाणेत गेले. आबा "अरे देवा, देवा" करत मटकन खाली बसले.

"वेड लागलंय का तुला?" हे इतक्या जोरात ओरडले की रस्त्यावरची माणसं थांबली. "मी पुन्हा लिहीन! शंभरदा लिहीन!"

"लिहा," मी म्हटलं. "पण आधी मला विचारा, ती बाई कोण. तुमचं सगळं आयुष्य लोकांना विचारण्यात गेलं ना? मग विचारा. अक्काने सांगू नको म्हटलं असलं तरी सांगते."

तिचं नाव तोंडातून गेल्यावर मला कळलं की आता सांगायचं काही उरलं नाही.

त्यांनी मग माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. अक्का कधी बाहेर आली होती मला कळलंच नव्हतं. ती खाली बसून एकेक खिळा वेचून पदरात टाकत होती. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे कुठलं अक्षर कुठल्या खणातलं ते ठाऊक नव्हतं. ती आपली नुसती वेचत होती, मान खाली घालून, भराभरा, निघण्याआधी घर आवरून ठेवावं तसं.

ह्यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. मग उपरणं काढून बाजूला टाकलं आणि आयुष्यात कधी केर काढला नव्हता त्या माणसाने फरशीवर गुडघे टेकले. अक्काचा हात धरला. तिच्या मुठीतले खिळे सोडवून आपल्या मुठीत घेतले.

"अक्का, तू ऊठ," म्हणाले. "मी वेचतो."

अक्का उठली नाही. तिने फक्त थोडं सरकून त्यांना जागा करून दिली.